बासष्टच्या काट्यावर

डॉक्टरीणबाईंनी गाडी आत घेतलीच नाही,
दारात उभी केली, अंबडच्या त्या कायमच्या खड्ड्याशी,
आणि म्हणाल्या, बासष्टला कापरं भरतं.
साठला नाही. सत्तरला पुन्हा कमी.
बासष्टला मागच्या पेटीतल्या लसीच्या बाटल्या
थंडी भरल्यासारख्या दात वाजवतात.

क्षेमकल्याणी मॅडम. जनावरांच्या डॉक्टर.
पेठ, हरसूल, त्याच्या पलीकडचे पाडे.
ओढ्यातल्या दगडांना हाऊसिंग घासायचं, म्हणून
दिवाळीनंतर गाडी तीन इंच उंच करून घेतली.
कुणाकडे, ते त्या बोलल्या नाहीत.
मीही विचारलं नाही.
शॅकलच्या बोल्टवर ग्रीस पुसायची पद्धत
एकाच माणसाची असते.

माझा डावा कान प्रेसशॉपने खाल्ला,
एकवीस वर्षांत, हळूहळू.
तेव्हापासून गाडी मी बुडाने ऐकतो.

विल्होळीच्या उतारावर सोडली.
बासष्ट. आली.
न्यूट्रल केली. इंजिन खाली बसलं,
थरथर नाही बसली.
चला, इंजिन सुटलं. त्याच्यावर आळ नको.
स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवली, ते गाईसारखं गरीब.
म्हणजे पुढचं काही नाही.
सीटच्या खालून, माकडहाडातून वर चढत होती,
चाकाच्या फेऱ्यापेक्षा कितीतरी घाईची.
शाफ्ट.

खड्ड्यात उतरलो. क्रॉस हलवून पाहिले, घट्ट.
कोनमापी लावली:
वर अकरा, खाली साडेदहा.
उंच केलेल्या गाडीत एवढं चालतं.

(मॅडमनी वाकून विचारलं, तिरकं आहे म्हणून का?
म्हटलं, तिरकं असण्याचं काही नाही.
वाकड्यातून फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात
दोनदा पळतो, दोनदा रेंगाळतो.
त्याला सरळ कुणी करू शकत नाही.
फक्त पलीकडच्या टोकाने, तो पळेल तेव्हा रेंगाळायचं,
रेंगाळेल तेव्हा पळायचं.
तेवढं जमलं की चाकाला पत्ताही लागत नाही.
त्या म्हणाल्या, हं.
आणि बराच वेळ खड्ड्याच्या कडेला बसून राहिल्या.)

मग बॅटरी धरली आणि दिसलं.
वरचे कान आडवे,
खालचे कान जरासे कलते.
सरकत्या जॉइंटची एक खाच चुकली होती.
एकच.

आणि खुणा होत्या.
खोलण्याआधी पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके,
एक नळीवर, एक बाहीवर, समोरासमोर.
हे मीच शिकवलं होतं यूनुसला, सोळाव्या वर्षी,
कानाखाली एक देऊन.
आता ते ठिपके शेजारच्या घरांतल्या रुसलेल्या जावांसारखे
बोटभर अंतरावर.

त्याच्या हातून?
मॅडमनी पर्समधून बिल काढलं, चहाचा डाग पडलेलं.
बावीस नोव्हेंबर.
बावीस नोव्हेंबरला दुपारी मी द्वारकेला फोन लावला होता
बेअरिंग पुलरसाठी. माझा पुलर. चार वर्षं त्याच्याकडे.
काय काय बोललो ते आठवतंय मला,
त्याच्या बापापर्यंत गेलो होतो.
तो मध्ये एकदाच म्हणाला,
चाचा, गाडीखाली आहे, नंतर करू का?
मी नंतर केलं नाही.

शाफ्ट उतरवला, ठिपका ठिपक्याशी आणला,
क्लिप बसवली, ग्रीस मारलं.
परत विल्होळी.
साठ. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट.
मागे पेटी गप्प.
मॅडम काट्याकडे बघत होत्या,
मी आरशात, काही कारण नसताना.

किती झाले?
चहाचे द्या, म्हटलं. काम जुन्याच बिलातलं आहे.
त्यांना कळलं की नाही, माहीत नाही.

रात्री शटर ओढल्यावर फोन लावला.
उजव्या कानाला.
बराच वेळ वाजला, मग त्याने उचलला,
आणि दोघंही थोडं रेंगाळलो.
पुलर, मी म्हटलं,
पुलर राहू दे तुझ्याकडेच.